प्रश्नचिन्हाआधीची जागा

चैत्र वद्य २, सोमवार

आज सकाळी शिवपूजा उरकून दुकान उघडलं आणि आधी पुस्तिकेतल्या फ्रेंच मजकुराच्या मोकळ्या जागा बंद केल्या. प्रश्नचिन्हाच्या आधी जागा, उद्गारचिन्हाच्या आधी जागा. वाटलं, टाइप करणाऱ्याला वळण नाही. बीडमध्ये इतकी वर्षं डीटीपी करतोय, लोकांच्या अशाच जागा बुजवत आलो. संगणकाला एकदा सांगितलं, सगळ्या गेल्या. पान घट्ट दिसलं. बरं वाटलं.

दुपारी पुण्याहून अनघाताईंचा फोन. भाषांतर त्यांचंच, छपाईही त्याच तिकडं करून घेणार.

"अप्पा, जागा कुठं गेल्या?"

"काढल्या. चुकून पडल्या होत्या."

"अहो, चुकून नाही! फ्रेंचमध्ये तसंच असतं. दोन टिंबं, अर्धविराम, प्रश्न, उद्गार, चौघांच्याही आधी जागा."

ओशाळलो. उपवासाच्या दिवशी भलतंच शहाणपण.

वद्य ३, मंगळवार

एकेक जागा परत घातली. अवतरणचिन्हं पण त्यांची निराळी, माशाच्या कल्ल्यांसारखी, त्यांच्याही आत जागा. शाळेत गुरुजी पाटीवर सांगायचे, दोन शब्दांत एक बोट सोडा, चिन्ह मात्र अक्षराला चिकटवा. चिकटवलं नाही की छडी. हात अजून कचरतो.

पुस्तिका आमच्याच गावच्या दूध संस्थेची. डावीकडे मराठी, उजवीकडे फ्रेंच. मागे फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांनी दूध थंड करायचं मशीन दिलं, यंदा दुष्काळ बघून पाण्याची टाकी देणार. वैशाखात येतील. त्याआधी हे वाचतील, आणि टाकी कुठं बसवायची ते इथं येऊन ठरवतील.

वद्य ४, बुधवार

अण्णा प्रूफ बघायला आले. संस्थेचे चेअरमन. शाळेत एका पाटावर बसायचो आम्ही. ते मला अजून तू म्हणतात, मी चेअरमनकीपासून तुम्ही म्हणतो.

फोटो बघत पानं उलटत होते. फ्रेंचकडे नुसती नजर. अकराव्या पानावर थांबले.

"मन्मथ, हे काय बे? हे एकलंच खाली कावून पडलंय?"

पाहिलं. ओळ संपली होती, आणि प्रश्नचिन्ह सुटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटं उभं होतं. मी साधी जागा दिली होती. साध्या जागेवर ओळ तुटते. एवढं लक्षात यायला हवं होतं.

"इथं काय इचारलंय?"

खोटं सुचलं नाही. डावीकडं बोट ठेवलं. कौसाबाई, खालची वस्ती: "टँकर आमच्या वस्तीवर कावून येत न्हाई?"

मराठी प्रूफ त्यांनी गेल्या आठवड्यात न वाचताच सही करून दिलं होतं. आता वाचलं. चष्मा काढून खिशात घातला.

"हे काढ."

"बाईंचं बोलणं हाय, अण्णा."

"लई बोलती ती. पाहुणे हे वाचून थेट खाली जातील आन् टाकी तिथंच बसवतील. आपली वरची आळी काय वाळू पिणार? पुण्याला सांग, ते चिन्ह ओळीत बसंना, म्हणून वाक्य काढलं."

जाताना चहा घेतला नाही.

वद्य ५, गुरुवार

अनघाताईंना विचारलं, फक्त चिन्हाबद्दल. म्हणाल्या, न तुटणारी जागा घाला, अरुंद असते, चिन्ह शब्दाला धरून राहतं. घातली. चिन्ह वर गेलं. म्हणजे अण्णांनी सुचवलेलं कारणही आता उरलं नाही.

जाता जाता विचारलं, ते वाक्य सुरू होतं तो शब्द काय? म्हणाल्या, पुर्क्वा. म्हणजे का. आमचं कावून. मला येणारा फ्रेंचचा एकच शब्द.

गावाकडचं माझं घर वरच्या आळीत. टँकर दाराशी थांबतो. हे लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहितोय.

वद्य ६, शुक्रवार

काढलं. दोन्हीकडून. मराठी काढायला क्षण लागला. फ्रेंचमध्ये कुठून कुठवर ते कळेना, पण त्या पानावर आधी जागा सोडलेलं प्रश्नचिन्ह एकच, तिथून मागे पुर्क्वापर्यंत पुसत आलो. पान आता सुंदर दिसतं. दोन्ही रांगा खाली एका रेघेत संपतात.

ही म्हणाली, "जेवताना कुणीकडं बघताव?"

दुकानाला संस्थेचं काम, संस्थेमुळं बाजार समितीचं काम, त्यांच्या ओळखीनं लग्नपत्रिका. अण्णा रागावले की...

वद्य ७, शनिवार

गावी गेलतो. वरच्या आळीत न थांबता खाली उतरलो. कौसाबाई बाभळीखाली शेळ्यांना पाला टाकत होत्या. हंडे रिकामे, उपडे.

"आलं का रं माझं पुस्तकात? फोटूत डोळे मिटले न्हाईत ना?"

पिशवीत जुनं प्रूफ होतं, ते दाखवलं. वाचता येत नाही त्यांना. फ्रेंचवर बोट फिरवत त्या एकट्या पडलेल्या चिन्हापाशी आल्या.

"ह्यो कोयता कशाचा?"

"प्रश्नाचं चिन्ह हाय, मावशी. तुमच्याच."

हसल्या. "बरा हाय की. धार हाय."

मग सांगून टाकलं. अण्णा काढा म्हणतात.

पाला टाकायच्या थांबल्या. "पुस्तकासाठी बोलताना म्या इचारलं तवा अण्णा म्होरंच बसलेला. त्याच्या तोंडावर इचारलंय, पाठीमागं न्हाई." मग म्हणाल्या, "काढ बाबा. तुझं दुकान हाय, लेकरंबाळं हायत."

उठलो.

"थांब. तू मला सांगाया आलास का इचाराया?"

परत खाली बसलो.

"इचाराया आला आसशील तर न्हाई म्हणते मी."

वद्य ८, रविवार

दुकान बंद. मंदिरात बसून जप केला, निम्म्यात मोजणी चुकली. परत पहिल्यापासून धरली.

मनात एक वाट आली. वाक्य गुपचूप फ्रेंचमध्ये परत घालायचं, मराठीत घालायचं नाही. अण्णांना कळणार नाही, पाहुण्यांना कळेल. सोपी वाट. पण मग डावीकडं कौसाबाई गप्प आणि उजवीकडं परक्या भाषेत बोलतायत, असं पुस्तक होईल. शिवाय अण्णांना फसवलं असंही होईल. ते काही शत्रू नाहीत. त्यांच्याही आळीत लोकच राहतात. माझेच लोक.

वद्य ९, सोमवार

पूजेनंतर वाक्य दोन्हीकडं परत घातलं. मराठीत चिन्ह अक्षराला चिकटून, फ्रेंचमध्ये न तुटणारी जागा सोडून. दोन्ही रांगा आता एका रेघेत संपत नाहीत. एक ओळ खाली लोंबते. लोंबू दे.

फाईल पुण्याला पाठवली. गेली.

लगेच शटर ओढलं आणि गावी अण्णांच्या घरी गेलो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ओट्यावर चारसहा जण होते.

"अण्णा, कौसाबाईंचं वाक्य ठेवलंय. फाईल पाठवून आलो."

अण्णांनी सुपारी तोंडात टाकली, ती चावली नाही.

"पुण्याला मी आत्ता फोन करीन. छपाई थांबवीन."

"करा," म्हणालो.

त्यांच्याकडं अनघाताईंचा नंबर नव्हता. मीच सांगितला, एकेक आकडा, सावकाश.