मांजराखालची रेघ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्या एका सवयीपायी परवा माझ्या हातून एक मांजर हरवलं होतं. हसू नका, सांगते.

निबंध कितीही लांब असो, तुम्ही त्यातल्या एकाच वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढायच्या आणि कागद परत द्यायच्या. शेरा नाही, गुण नाहीत. वर्गात आम्ही त्या रेघेवर तर्क लढवायचो. कुणी म्हणे चूक आहे, कुणी म्हणे आवडलंय, एकीचं ठाम मत होतं की बाईंना तिथे डुलकी लागली असणार. विचारायची टाप कुणाची होती! एकदा मी सायखेड्याहून एसटीने थेट तुमच्या घरी आले होते, गोदावरीवर लिहिलेली चार पानं घेऊन. तुम्ही ओट्याशी उभ्या. एका हाताने कढईतले शेंगदाणे हलवताय, दुसऱ्या हातात माझे कागद. चारही पानांत नदी चांदण्यात न्हालेली. "नदीकाठी राहतेस ना गं?" तुम्ही विचारता. "मग तुझ्या नदीवर एकही बाई कपडे धुवायला कशी येत नाही?" त्या दिवशी रेघ नव्हतीच. मूठभर गरम शेंगदाणे तेवढे हातावर ठेवलेत, आणि ते खात खात मी रडत सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.

आता मीही कॉलेजात शिकवते आणि तुमची रेघ मी बिनदिक्कत उचलली आहे. यंदा पहिल्या वर्षाला 'आमचं घर' लिहायला सांगितलं होतं. बहुतेकांनी फोनवरून उतरवलेली गुळगुळीत घरं आणली, सगळी एकसारखी. सुरगाण्याकडची एक मुलगी आहे, हॉस्टेलवर राहते. तिने जेमतेम अर्धं पान दिलं. आईवडील घर सोडून द्राक्षबागांच्या कामाला जातात तेव्हाचं घर होतं ते, आणि मध्येच एक वाक्य: आई गेली की चूल थंड होते, मग मांजर शेजाऱ्यांकडे झोपायला जातं. मी खुर्चीतच सरसावून बसले. पेन्सिल काढली, रेघ ओढली आणि तुमच्याच रुबाबात कागद परत केला.

परवा ती स्टाफरूममध्ये आली ती पाठपोट भरलेला नवा कागद घेऊन. 'स्थलांतर ही आदिवासी समाजाची ज्वलंत समस्या होय' अशी सुरुवात. पूर्ण वाचला, मांजर कुठेच नाही.

"मांजर कुठे गेलं गं?"

"काढलं मॅडम. तुम्ही रेघ मारली व्हती ना त्याच्याखाली. आमच्या शाळेत सर चुकीखालीच रेघ मारायचे." मग खाली बघत म्हणाली, "मी पुढच्या वर्षी मराठी नाय घेत मॅडम. भूगोल घेते. मला लिहायला नाय जमत."

सगळ्या वर्गात जी एक खरोखर लिहीत होती, तिलाच मी घालवायला निघाले होते. मग मात्र सांगून टाकलं, की अगं, ते वाक्य मला फार आवडलं, म्हणून रेघ ओढली.

ती फटकन म्हणाली, "मंग तसं लिहायचं ना मॅडम!"

बाई, इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. बरं, ती तेवढ्यावर थांबेना. "काय आवडलं त्यात?" म्हणाली. आवडलं खरं, पण का? घर ओकंबोकं झालं असं तू म्हणालीच नाहीस, तरी मला ते दिसलं, असं काहीबाही बोलत गेले आणि बोलता बोलता मलाच नवीन काही कळत गेलं. तेव्हापासून एक शंका डोक्यात घोळते आहे: तुम्हालाही कारण सांगता येत नसे, म्हणून तर ती रेघ नव्हती ना?

"मांजर परत येतं का, ते पण लिहू?" तिने विचारलं.

"येतं का?"

"काय माहीत. मी तर हितं असते. आईला फोन करून इचारते." जाताना भूगोलाचं विचारलं, तर म्हणाली, "आधी मांजराचं बघते." काल पुढच्या वर्षाच्या फॉर्मात तिने मराठीच घेतलं. मी आता रेघेशेजारी शब्दांत लिहिते. तुमची पद्धत मोडली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

फक्त एक राहिलं. शेवटच्या वर्षी मी पुरावर लिहिलं होतं. पाणी चढायला लागलं की आमच्याकडे आधी गोठ्यातली गुरं सोडतात, मग देव उचलतात, या वाक्याखाली तुमची रेघ आली होती. तुमच्याकडचं देवधर्माचं कडक वातावरण आठवलं की अजून वाटतं, रागावल्या तर नव्हतात? हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तुम्ही आज समोर बसलेल्या असतात, तरी त्या मुलीसारखं मी विचारलं नसतं. चूक होती म्हणून ओढली, असं म्हणाल्या असतात तर? त्या एका रेघेच्या भरवशावर मी पुढे मराठी घेतलं होतं.