कुणालाच नको होती ती गाडी

हॅमट्रॅमिक, मिशिगन
३ मे २००४

लेनर्ड भावोजींना बर्नडीनचा स. न. वि. वि.

काझला जाऊन वर्ष होतंय न होतंय, तोच तुम्हाला त्याच्या सत्तर सालच्या गाडीची आठवण झाली. भरून आलं. दोघा भावांनी मिळून घेतली होती, अर्धी तुमची, मान्य. पण जगात अशा मोजक्याच उरल्या, हे मला नका सांगू. वाचनालयातली पुस्तकं मीही वाचते. मोजक्या का, तर तेव्हा कुणाला नकोच होत्या. विमावाल्यांनी हप्ते वाढवले आणि एवढ्या दांडग्या इंजिनाच्या गाड्या विक्रेत्यांच्या आवारात उन्हात पडून राहिल्या. तुम्हा दोघा कारखान्यातल्या कामगारांनाच सवलतीत घ्यायची हौस आली. आता म्हातारे दंतवैद्य तिच्यापुढे गुडघे टेकतात. तरुणपणी जमलं नाही ते धाडस आता विकत आणतात, आणि वर चादर घालून ठेवतात.

मी विकणार नाही. ती गेली तर गॅरेजात त्याचं म्हणून काय उरेल?

लोभ माणसांवरही थोडा असू द्या.

बर्नडीन

---

स्कॉट्सडेल, अ‍ॅरिझोना
१९ मे २००४

बर्नडीन वहिनींना लेनर्डचा नमस्कार.

यातलं तुम्हाला कळत नाही. गिऱ्हाईक आधी इंजिनावर कारखान्यात ठोकलेला आकडा बघतं. तो गाडीच्या सांगाड्यावरच्या आकड्याशी जुळला तर सोनं, नाहीतर भंगार. आपला जुळतो. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक घेऊनच येतो. काझने तुमचे हट्ट चालवून घेतले. नाही म्हणालात तर मी वकील आणीन. तोवर गाडी चालवू नका, धुऊसुद्धा नका. धुवायचं काय ते मी बघतो.

राग नसावा, लोभ वाढावा.

लेनर्ड

---

हॅमट्रॅमिक
७ जून २००४

भावोजी, स. न.

न जेवता निघून गेलात. कोबीचे रोल दोन दिवस मीच खाल्ले.

जन्मभर मोटारी जोडलेला माणूस तुम्ही! आकडा नीट दिसावा म्हणून तेलाची खपली काढायला इंजिनावर ग्राइंडर फिरवलात, आणि आकडाच घासून टाकलात. तुमचं गिऱ्हाईक विजेरी घेऊन किती वेळ वाकलं होतं. शेवटी म्हणालं, हे इंजिन आता कुठलंही असू शकतं. तेच इंजिन, तीच गाडी. पण तुमच्या पंथात देव नाही, नुसता शिक्का पुजतात. जाताना तुम्ही म्हणालात, ठेवा हे भंगार तुमच्याकडेच. ठेवलं.

काल ती बाहेर काढली. काझने मला कधी चावी दिली नव्हती. बायकांच्या हातून गिअर करकरतात म्हणे, आणि तो आवाज त्याला सोसत नसे. बिचाऱ्यात तेवढा तुमचा अंश होता. मी दफनभूमीपर्यंत गेले, आणि फाटकासमोर मुद्दाम क्लच न दाबता गिअर टाकला. सगळी गल्ली वळून बघायला लागली. काझ उठून शिव्या देईल असं वाटलं.

नाही उठला.

आहे तेवढा लोभ राहू द्या.

बर्नडीन