आतल्या बाजूची तारीख

गुरुवार, १५ जून २०२३

माफ कर, वही. पाच आठवडे तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. होतं, पण लिहिलं की ते खरं ठरलं असतं.

चार वर्षं दर गुरुवारी शेजारच्या नोलीनला मी माझ्या जुन्या पिकअपमधून डारफील्डच्या हॉलवर हौजी खेळायला नेतो. आज वाटेत तिच्या तोंडी एकच विषय — मर्डॉकची गाडी. जपानहून येतेय. जुनी, पण अगदी नव्यासारखी. "सीटसुद्धा गरम होते म्हणे, क्लॅरी! तुझ्या गाडीत माझे पाय कसे गारठतात, माहीत आहे ना?"

चार वर्षं गारठत होते, तेव्हा बोलली नाही!

मर्डॉक आठ महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीत राहायला आला. बँकेत होता. मफलरलाही इस्त्री करतो. हौजी लागली तर ओरडतसुद्धा नाही, नुसता हात वर करतो. नोलीनला ते फार सभ्य वाटतं.

मंगळवार, २० जून

गाडी ख्राइस्टचर्चला डीलरच्या आवारात आली. मर्डॉक स्वतः विचारायला आला. "दोस्ता, तू अडतीस वर्षं टायरच्या दुकानात काढलीस. तपासणीआधी एक नजर टाकशील?" गेलो.

पांढरी गाडी. होक्काइडोची, म्हणजे जपानच्या बर्फाळ भागातली. खाली वाकलो आणि लगेच कळलं — बर्फाचे टायर. मऊ रबर, बारीक बारीक चिरा. खिशातली मापपट्टी खाचेत घातली. साडेतीन मिलिमीटर. साध्या टायरला हे चिक्कार झालं. पण बर्फाच्या टायरला चार लागतात, चारही चाकांना. त्याशिवाय इन्स्पेक्टर सही करत नाही, आणि सही नाही तर नंबर प्लेट नाही.

"खाचा भरपूर दिसतायत, नाही का?" मर्डॉक म्हणाला.

"भरपूर," मी म्हणालो.

खोटं कुठे बोललो? परत येताना त्याने मला खिमा भरलेला पफ खाऊ घातला. खाल्ला.

शुक्रवार, २३ जून

नापास! टायरवरून! रात्री छान झोप लागेल.

शनिवार, २४ जून

नाही लागली. आणि सकाळीच नोलीन ताजे भाजलेले चीज स्कोन घेऊन दारात.

"अडतीस वर्षं टायर बदललेस आणि तुला हे दिसलं नाही? त्या इन्स्पेक्टर पोराने लांबूनच ओळखलं म्हणे!"

मी तिच्या हातातले स्कोन घेतले.

"मर्डॉक म्हणाला, जाऊ दे गं, वय झालं त्याचं, डोळे गेले असतील."

माझे डोळे! तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे! तोंडातून निघून गेलं, "माझ्या शेडमध्ये चार नवे कोरे पडलेत. त्याच मापाचे. घेऊन जा म्हणावं. फुकट."

नोलीनने माझ्या बाहीवर हात ठेवला. "तू मनाचा चांगला आहेस रे, क्लॅरी." किती महिन्यांनी ठेवला असेल! स्कोन गार झाले तरी मी तिथेच उभा.

रविवार, २५ जून

मर्डॉकने चारही चाकं आणून दिली. शेडमध्ये माझं हाताने चालवायचं मशीन अजून आहे. दिवसभर काम केलं.

टायर कोरेच आहेत, त्यात खोट नाही. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने दिलेले. कंपनीचं लेबलसुद्धा निघालेलं नाही. अंधारात ठेवलेले, त्यामुळे एक तडा नाही. खाचा आठ मिलिमीटर. पण बाजूवर चार आकडे आहेत — २२०९. म्हणजे २००९ सालचा बाविसावा आठवडा. चौदा वर्षं झाली. वरून काही दिसत नाही, पण रबर आतून कडक होतं, उन्हात राहिलेल्या बुटासारखं. कोरड्या रस्त्यावर चालून जातं. गार, ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. तपासणीत खाच बघतात, तडे बघतात. वय कोणी विचारत नाही.

ते आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात.

मी ती बाजू आत घेतली. चारही चाकांना.

का घेतली? जुना माल गळ्यात मारला असं मर्डॉकने नोलीनला सांगू नये म्हणून. आणि ती दोघं जाऊन जाऊन जाणार कुठे? हॉलपर्यंत! सपाट रस्ता.

गुरुवार, २९ जून

पास झाली. नंबर प्लेट लागली. नोलीन पुढच्या सीटवर. मी एकटा, माझ्या गाडीत, त्यांच्या मागे. तिने मागे वळून हात केला. मी दिसलो नसल्यासारखं केलं.

आज मला हौजी लागली. बक्षीस म्हणून मटणाचा मोठा तुकडा. कोणाचं लक्षच नव्हतं.

बुधवार, ५ जुलै

सकाळी नोलीन आणि मर्डॉक दारात आली. नोलीन म्हणाली, "शनिवारी आम्ही डोंगरापलीकडे जातोय. ग्रेमाउथला."

ग्रेमाउथला माझी लेक जीनेट असते. भेटून सहा वर्षं झाली. तिच्या आईला पुरलं त्या दिवशी आम्ही भांडलो आणि मी म्हणालो, तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. तिने बोलावलं नाही. मी गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा नोलीनजवळ बोलून गेलो होतो की नात आता शाळेत जायला लागली असेल. आणि माझ्या पिकअपला वाटेतला घाट चढवत नाही, असंही म्हणालो होतो, म्हणजे विषय संपावा.

"काही निरोप द्यायचाय का कोणाला?" नोलीनने विचारलं.

"नाही."

"बघ बुवा. विचार कर." मग तिने मर्डॉककडे पाहिलं आणि दोघं हसली. माझ्यादेखत! दोघांचं काहीतरी ठरलंय. ग्रेमाउथला जाऊन काय, लग्न करणार?

मग एकदम टायर आठवले. घाट. जुलै महिना, इथला ऐन हिवाळा.

संध्याकाळी मर्डॉकच्या फाटकापर्यंत गेलो. "काय दोस्ता, आत ये की!" म्हणाला. त्याच्या मागे स्वयंपाकघरात नोलीन भांडी विसळत होती. त्याच्या घरात! गुलाबाची छाटणी कधी करणार, एवढंच मी त्याला विचारलं आणि परत आलो.

शुक्रवार, ७ जुलै

बादलीतल्या पाण्यावर बोटभर जाड बर्फ. रेडिओवर सांगितलं, आर्थर्स पासच्या घाटात रस्ता निसरडा आहे, जपून चालवा. उद्या निघायच्या आधी सांगेन. नक्की.

शनिवार, ८ जुलै. सकाळ

सात वाजता दारात हॉर्न. पडद्याआडून पाहिलं — तीच गाडी. नोलीन उतरली. लाल टोपी घातलेली. दार ठोठावलं.

"क्लॅरी! ऊठ रे म्हाताऱ्या!"

मला दाखवायला आले! दोघं कशी चालली आहेत ते! मी भिंतीला टेकून उभा राहिलो. श्वाससुद्धा घेतला नाही. तिने तीनदा ठोठावलं.

"राहू दे," मर्डॉकचा आवाज. "मी म्हटलंच होतं, नाही यायचा तो."

गाडी गेली. सांगायचं राहिलं. दारापलीकडे उभी होती ती, चार पावलांवर, आणि सांगायचं राहिलं.

शनिवार, दुपार

पत्रपेटीत चिठ्ठी होती. आत्ता पाहिली. नोलीनचं अक्षर.

"क्लॅरी, दार का उघडत नाहीस? तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. जीनेटने बोलावलंय तुला. मीच तिला फोन केला होता. मर्डॉक म्हणाला, तिकडे जायला नीट गाडी हवी, माझी येईपर्यंत थांबा. मागची सीट तुझ्यासाठी होती. आता आम्हीच जाऊन दोघी मायलेकींना घेऊन येतो. रात्रीच्या जेवणाला तुझ्याकडे पाच माणसं. हौजीतलं मटण फ्रीझरमधून बाहेर काढून ठेव."

घाटात फोन लागत नाही. नोलीनचा लागला नाही, मर्डॉकचाही नाही. मग जीनेटला लावला. सहा वर्षांनी. तिने उचलला नाही. तिच्या आन्सरिंग मशीनवर बोललो — मी तुझा बाप. त्या गाडीत बसू नकोस. पोरीला बसवू नकोस. त्यांनाही परत निघू देऊ नकोस. टायर जुने आहेत, मला माहीत होतं. मीच बसवले.

बाहेर पाऊस लागलाय, बर्फासारखा.

पोचलात की कळवा. कोणीही कळवा. शिव्या द्यायला का होईना, पण लवकर कळवा.