बेसनाच्या लाडवांचा मार्केट सर्व्हे

१ जुलै, सोमवार. पहाटे ५
पोचलो. एर्लांगेनपासून रेल्वेने पाऊण तास, गाव लहान. आमच्या दूध संघातून एम.बी.ए.च्या समर कोर्सला जर्मनीत आलेला पहिला मॅनेजर मी. वय एकोणपन्नास. खोली तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर घरमालक हेर केसलर, ऐंशीच्या घरातले, एकटेच. मला पाहून ‘मोर्गन’, सुप्रभात, म्हणाले. म्हणजे ओळख झाली.
संकल्प: रोज पाचला उठून पूजा. घरी फोन आठवड्यातून एकदाच. महिनाभरात किमान दहा जिवाभावाची माणसं जोडणे.

संध्याकाळी ७
घरी फोन केला. पोचल्याचा फोन मोजायचा नसतो.

४ जुलै, गुरुवार
प्रोजेक्टसाठी चार-चार जणांचे गट पडले. वर्गात आम्ही एकवीस. पुण्याचा उत्कर्ष, चोवीस वर्षांचा, म्हणाला, सर, तुम्ही एकटे कम्फर्टेबल ना? म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर! नेतृत्व एकट्यानंच करायचं असतं. मेन्सामध्ये, म्हणजे इथल्या कँटीनमध्ये, जेवताना शेजारची खुर्ची रिकामी असते. बॅग ठेवायला बरी पडते.

६ जुलै, शनिवार
भाचा सिद्धेश एर्लांगेनहून येणार होता. फोन आला. मामा, सॉरी हो, आज विहानचं स्विमिंग आहे, पुढच्या वेळी नक्की. बेसन आणि वेलची पार्सल केलीय. पोरगं कामात असतं, मी आग्रह केला नाही.
रिकामा वेळ मिळाला म्हणून गाव फिरलो. इथे नको असलेल्या वस्तू लोक खोक्यात घालून दाराबाहेर ठेवतात. कप, पुस्तकं, दिवा. ज्याला हवं त्यानं न्यावं. पाहता पाहता प्रोजेक्ट सुचलं: जर्मनीत बेसनाचा लाडू. आधी फुकट सॅम्पल, मग मागणी मोजायची.

९ जुलै, मंगळवार
व्हिडिओवर बायको, स्नेहलता, सांगत होती, मी भाजत होतो. अहो, शेगडी मंद करा, बेसन आहे ते, डांबर नव्हे. इथल्या तुपाला बुटरश्माल्झ म्हणतात. केसलरांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. खमंग वास गावभर जावा म्हणून असणार.
देवाला नैवेद्य दाखवला. प्रसाद विकता येत नाही, त्यामुळे सॅम्पल फुकट हे धोरण शास्त्रालाही धरून आहे. डब्यात पाच लाडू, वर चिठ्ठी: आवडल्यास तिसऱ्या मजल्याची बेल वाजवा. डबा दाराबाहेर ठेवून वर आलो.
संध्याकाळी डबा रिकामा! शिवाय धुऊन पालथा घातलेला. काय ही संस्कृती!

१५ जुलै, सोमवार
दिवसाआड पाच ठेवतो. चार खेपा झाल्या, वीसच्या वीस गेले. बेल मात्र कुणी वाजवली नाही. जर्मन माणूस दुसऱ्याच्या अभ्यासात व्यत्यय आणत नाही. तरी खाली जाऊन स्वतः दाबून पाहिली. चालू आहे. आवाज छान आहे.

२० जुलै, शनिवार
सिद्धेश बायको आणि मुलाला घेऊन येणार म्हणून चौघांचे पोहे केले. अकराला फोन. मामा, स्वरालीच्या ऑफिसची ग्रिलपार्टी निघाली हो. म्हटलं, आल्झो, बरं तर, जा जा, माझं प्रेझेंटेशन आहे. दुपारी, संध्याकाळी आणि उद्या सकाळी पोहे. स्वयंपाकाचा वेळ वाचला.
प्रोफेसर म्हणतात, ग्राहकांशी बोला. पण माझा ग्राहक शब्दांनी बोलत नाही, कृतीनं बोलतो.

२४ जुलै, बुधवार
संकष्टी. इथला चंद्र रात्री पावणेअकराला. नऊ वाजले तरी ऊन जात नाही. घरचा चंद्रोदय इथल्या सव्वासहाला येतो, तोच धरला. संघाच्या माणसानं मुख्यालयाची वेळ पाळावी. बाप्पाला कळतं.
स्नेहलतेनं फोनवर विचारलं, अहो, तिथे कुणी भेटतं का बोलायला? म्हटलं, गावभर ओळख झालीय. हा आजचा दुसरा फोन. संकष्टीचा धरायचा नसतो.

२६ जुलै, शुक्रवार
प्रेझेंटेशन झालं. पहिली स्लाइड: ठेवले पंचेचाळीस, गेले पंचेचाळीस. प्रोफेसर म्हणाले, उत्तम, आता एका ग्राहकाचं नाव सांगा. म्हटलं, डेटा प्रायव्हसी. सगळे हसले. सभा हसवता आली पाहिजे. सर्टिफिकेटवर ‘सहभाग’ असं लिहिलंय. ग्रेड दिलेला नाही. माझं काम ग्रेडमध्ये बसलं नसावं.

२७ जुलै, शनिवार. सकाळी ९
बेल वाजली!
जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. दारात केसलर, हातात फॉर्म. आज खोली परत द्यायचा दिवस, हे मी विसरलो होतो.
किल्ली दिली. खोली तपासून झाल्यावर मला खाली आपल्या स्वयंपाकघरात नेलं. फ्रीजर उघडला. नऊ पिशव्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तारीख. नऊ जुलै, अकरा जुलै, तेरा जुलै. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, दिवसभर कुणी नेत नसे. मुंग्या येतील, पाऊस येईल, म्हणून संध्याकाळी आत घ्यायचो. तुमचे आहेत, जाताना न्या.
मी पिशव्या मोजल्या. पाच, पाच, पाच. नऊ जुलैच्या पिशवीत चार.
त्यांनी मान खाली घातली. एक खाल्ला, म्हणाले. डॉक्टरनी साखर बंद केलीय, पण एक खाल्ला. फार आवडला.
चिठ्ठीत लिहिलं होतं, बेल वाजवा, मी म्हटलं.
हो, हो, वाचलं होतं. पण वरून रोज बोलण्याचा आवाज यायचा. वाटलं, तुमच्याकडे माणसं आहेत.
त्यांनी फॉर्मवर लिहिलं: किल्ली एक, गादी एक, लाडू चव्वेचाळीस. मी सही केली. मग त्यांचं पहिलं नाव विचारलं.
हान्स.
अकरा दहाची परतीची गाडी जाऊ दिली. फ्रीजरमधला लाडू मऊ व्हायला तास लागतो.