तुम्ही गंगथडीला निघालात तो दिवस

दादा, आज दिवसभरात कुणाशी एक शब्दही बोलले नाही. शेजारीण लेकीकडे गेली आहे, आणि हात थरथरायला लागल्यापासून बाळंतपणाला मला कुणी बोलावत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही.

प्लेगात माझा नवरा गेला आणि तान्ही पोर घेऊन मी माहेरी, बापाच्या म्हणजे तुमच्या दारात आले. आई आधीच गेलेली. तुम्ही मेंढरं राखायचात, चालता चालता लोकर कातायचात, घरी येऊन भाकरी थापायचात आणि मला म्हणायचात, "तू आंग टाक जरा." पोर तीन वर्षांची झाली तेव्हा दौऱ्यावर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औरंगाबादला दाईचं काम शिकवतात, दोन वर्षं राहावं लागेल. भावकी उठली. रांडाव पोर परमुलखात धाडतो म्हणून तुम्हाला नावं ठेवली. तुम्ही मला म्हणालात, "जा बये. माज्या माघारी तुला कोन पोसनार? पोरीला मी बगतो."

तुम्ही तिला कसं बघितलं, ते मला नंतर लोकांनी सांगितलं. नव्या कोकराबरोबर तिलाही पाठीवरच्या झोळीत घालून तुम्ही माळावर न्यायचात. तिची वेणी गोफण विणावी तशी इतकी घट्ट घालायचात की आठ-आठ दिवस सुटायची नाही. तिला गोवर निघाला तेव्हा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तुम्ही तिच्या उशाशी बसून राहिलात. माझं ऐकून तीही तुम्हाला दादाच म्हणायची.

दोन वर्षांनी मी परत येते आहे. आष्टीच्या दवाखान्यात नेमणूक झाली आहे, पिशवीत तिच्यासाठी लाल परकर आहे. तुम्ही अंगणात दावं वळताय आणि ती तुमच्या पाठीला टेकून उभी आहे. मी हात पुढे करते. ती तुमच्या घोंगडीत तोंड लपवते. मला वाटलं, होईल चार दिवसांत. महिना झाला तरी ती माझ्या हातचं जेवेना. एकदा मी चुलीपाशी असताना तिनं तुम्हाला विचारलं, "दादा, ही बाई कवा जानार हाय?"

तुम्ही हसलात. लेकराचं बोलणं म्हणून हसलात, हे आज कळतं. तेव्हा मी हातातली भाकरी परातीत आपटली. "तुमी माझी पोर माझी ठिवलीच न्हाई," मी म्हणाले. "कावून ठिवली न्हाई? म्हातारपणी तुमाला सोबत पायजे हुती म्हून?"

तुम्ही म्हणालात, "म्या हितं हाय तवर ती तुज्याकडं यायची न्हाई."

त्या साली मेंढरं चारायला तुम्ही लांब जाणार नव्हतात. गुडघे धरले होते, मेंढरं माझा चुलतभाऊ नेणार होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर निघालात, गोदावरीच्या काठी, आपल्या गंगथडीला. पोर मागं लागली तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडलात, जन्मात पहिल्यांदा. "माघारी फिर! आयकडं जा!" ती वाटेत बसून रडली. तुम्ही वळून पाहिलं नाहीत.

तीन दिवस ती अन्नाला शिवली नाही. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि ग्लानीत ती माझ्या मांडीवर आली. ताप उतरला तरी ती मांडीवरून उठली नाही. तशीच माझी झाली. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं.

पावसाच्या तोंडावर चुलतभाऊ एकटाच मेंढरं घेऊन आला. उमापूरच्या शिवारात, एका शेतात लेंडीखतासाठी मेंढरं बसवली असताना तुम्हाला हगवण लागली होती. दोन दिवसांत संपलं. तिथंच नदीकाठी माती दिली म्हणाला. आणि म्हणाला, आष्टीकडचा कुणी वाटसरू दिसला की तुम्ही त्याला हाक मारून विचारायचात, "आमची पोरगी जेवती का आता?" कुणाला काय माहीत असणार? ती जेवत होती, दादा. मला निरोप धाडता आला असता. मी धाडला नाही.

तालुक्यातल्या किती घरांत मी लेकरं आईच्या कुशीत ठेवली. पोर आता नातवंडांची आजी झाली, लांब नांदते, वर्षातून एकदा येते. मागच्या खेपेला नातवंडांना सांगत होती, "आमच्या दादाला मेंढरं लई प्यारी, मला टाकून गेला तो." मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं? तिला द्यावं, असं दुपारी मनात आलं होतं. देणार नाही. ती उरलेले दिवस माझ्यावर रागावेल, आणि वर्षातली ती एक खेपही जाईल, याची मला भीती वाटते. आणखी एक आहे. त्या सकाळी वळणावर तुमची पाठ दिसेनाशी झाली, तेव्हा दादा, मला बरं वाटलं होतं.