उसवलेली तीस पुस्तकं

तीर्थरूप बाबा,
इथूनच तुमच्या पाया पडते.

मी बरी आहे, खोली उबदार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दादा जिना चढू देत नसेल तर त्याचं ऐका.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, क्रमाने लावायचं काम माझं आणि ते शिवायचं माझ्याच टेबलावर शेजारी बसणाऱ्या बाईंचं. शुक्रवारी मालक आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत. काळजी करू नका.

मंगळवारी फर्मे लावताना मी वाचत बसले आणि तीस पुस्तकांत सातवा फर्मा सहाव्याच्या आधी गेला. लक्षात आलं तेव्हा शिवण झाली होती. मी माफीचं भाषण सुरू केलं.

"तोंडाची वाफ नको, दोरा धर," बाई म्हणाल्या. "वाचत होतीस म्हणून चुकलीस आणि वाचत होतीस म्हणूनच सापडलं."

त्यांनी तीसही पुस्तकं उसवून त्याच भोकांतून पुन्हा शिवली. एकही पान फाटलं नाही. मालकांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"आमच्या टेबलाची," बाई म्हणाल्या.

बाबा, घरी मी समतेवर भाषणं ठोकायचे, पण ज्याला शेजारच्या हातातलं कसब दिसत नाही, त्याने समतेवर बोलूच नये. काल मी मालकांना सांगितलं, "वाचत बसले, चूक माझी होती. बाईंना ठेवा."

"आणि फर्मे वाचणार कोण?"

"ते तुम्ही बघा," म्हटलं. इतकं छोटं भाषण मी कधी केलं नव्हतं.

जाताना सोमवारच्या फर्म्यांचा गठ्ठा मालकांनी आमच्या टेबलावर ठेवला, दोघींच्या मधोमध.

तुमची,
वाचाळ लेक