शून्य भरणार नाही

७ जुलै, सोमवार
नाही भरणार शून्य! आमचा टीम लीड मुरली सगळ्यांसमोर म्हणाला, तरी नाही.

काम तसं साधं. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याने गेल्या वर्षी कामगारांचे कान तपासले, त्याची फाइल आली आहे. एका ओळीत एक कामगार, मध्ये स्वल्पविराम. माझा कोड ओळ वाचतो आणि तिचा ऑब्जेक्ट बनवतो — पास क्रमांक, विभाग, ऐकू किती कमी येतं तो आकडा. आकड्याच्या जागी आकडा नसेल तर ओळ अडते. आज २१२ अडल्या. पहिलीच ४४१७. कप्पा रिकामा! म्हणजे या माणसांना तपासलंच नाही. मुरली म्हणतो, रिकामं दिसलं की शून्य धर. अरे, या तपासणीत शून्य म्हणजे कान ठणठणीत!

८ जुलै
रिकामं ते रिकामंच ठेवलं. अहवालात 'तपासणी नाही' असा वेगळा रकानाही काढला. मुरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे, क्लायंटला असला रकाना नको आहे. नको असणारच!

घरी आले तर घरमालक राघोत्तमकाका पायरीवर. रोज विचारते, जेवलात का? रोज उत्तर नाही. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीत मराठी घर मिळालं म्हणून आईला केवढा आनंद झाला होता. या तंजावरकरांना माझ्या सांगलीच्या मराठीचं वावडं दिसतंय. उद्यापासून मीही बोलणार नाही.

१० जुलै
शेवटी मुरलीने टीममधल्या यशकडून शून्य भरून घेतलं. एका ओळीचा बदल. "मी नवीन आहे गं," एवढंच म्हणाला बिचारा. अहवाल सोमवारी जाणार. मी मुरलीला आणि त्याच्या वरच्यांना मेल टाकली — हे २१२ आकडे खोटे आहेत. खाली पूर्ण नाव लिहिलं. कामावरून काढायचं तर काढा.

११ जुलै
उत्तर नाही. मूग गिळून बसलेत सगळे.

१२ जुलै, शनिवार
नळाला पाणी नव्हतं म्हणून तणतणत खाली गेले. टीव्ही गल्लीभर ऐकू जात होता. त्रिपुरसुंदरीकाकू म्हणाल्या, काकांना चार वर्षं नीट ऐकू येत नाही, लाजेने सांगत नाहीत. प्रेस मशीनवर एकतीस वर्षं! मार्चमध्ये निवृत्त झाले. कुठे होते? गुम्मिडिपूंडीला. मी विचारलं, कान तपासले होते का?

"तपासणी कुठली, मा! कागदावर सही घेतली, सरि, झालं म्हणाले, धाडून दिलं."

मला स्वतःची लाज वाटली.

१३ जुलै
काकांना वहीत मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं. दोनदा वाचलं आणि वही घेऊन आत गेले. चुकलं का माझं?

१४ जुलै, सोमवार
सकाळी काका माझ्याआधी पायरीवर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कारखान्याचा जुना पास. क्रमांक ४४१७ — माझी पहिली अडलेली ओळ.

"शून्य कोणी लिहिलं तें मज दाखीव," म्हणाले.

सिरुसेरीला ऑफिसच्या गेटवर आम्हाला अडवतील. अडवू देत!